दोन स्पीकर, दोन अ‍ॅम्प्लिफायर: घरच्या घरी कानांनी तुलना कशी करावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवीन घर लागलं की टीव्हीपाठोपाठ साउंडबार नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरची जोडी यायचीच. तिथून पंचाईत सुरू होते. दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरंच सांगतो आणि ज्याने जे घेतलंय त्याला तेच सरस वाटतं. दोन वस्तू समोर आहेत, खर्चायचे पैसे मोजके आहेत आणि निर्णय स्वतःच्या कानांनीच घ्यायचाय, अशांसाठी हे लिहितोय. वर्तकनगरपासून खारघरपर्यंत एकमेकांच्या घरी आम्ही मित्रमंडळी बरीच वर्षं अशा तुलना करतो. त्यातून पक्की झालेली पद्धत इथे क्रमाने देतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुलना बिघडते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक, दोघांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असतो. दोन, काय वाजतंय हे आपल्याला आधीच माहीत असतं. ही दोन कारणं दूर केलीत तर साध्या कानांनाही खरा फरक कळतो. ती तशीच राहिली तर मुरलेला कानसेनही फसतो.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर (अ‍ॅम्प्लिफायर किंवा डॅक (डिजिटल फाइलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) ताडायचा असेल तर)
- आवाजाची पातळी दाखवणारं मोबाइल अ‍ॅप आणि मोबाइल उभा ठेवायला स्टँड
- पिंक नॉइज (सगळे स्वर एकदम असलेला, धबधब्यासारखा आवाज) आणि २०० हर्ट्झचा टोन (एकच सलग सूर), फाइलच्या स्वरूपात. दोन्ही फुकट मिळतात
- मोजपट्टी आणि कागदी चिकटपट्टी
- दोरी आणि जुनी वॉइलची साडी किंवा मलमलचं कापड
- वही, पेन, एक नाणं
- कंटाळा न करणारा एक मदतनीस. हे मिळणं सगळ्यात अवघड, म्हणून आधी त्याची सोय बघा

मल्टिमीटर घेताना एक सापळा असतो. इलेक्ट्रिकवाल्यांकडे दिसणाऱ्या अगदी स्वस्त पिवळ्या मीटरवर एसी व्होल्टेजची सगळ्यात खालची रेंज बहुधा २०० व्होल्टची असते आणि तो ०.१ व्होल्टपेक्षा बारीक फरक दाखवत नाही. घरातली वीज तपासायला तो ठीक, आपल्या कामाला नाही. एसीसाठी २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेला, नाहीतर रेंज आपोआप बदलणारा मीटर मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो.

१. एका वेळी एकच गोष्ट बदला

अ‍ॅम्प्लिफायर ताडायचे तर स्पीकर, वायर, गाणं, खुर्ची सगळं तेच राहू द्या. स्पीकर ताडायचे तर अ‍ॅम्प्लिफायर तोच. अगदी उघड वाटतं, पण प्रत्यक्षात लोक मित्राकडचा सेट नेरूळला ऐकतात, दुकानातला ठाण्यात, आणि दोन्हींची तुलना मनातल्या मनात करतात. अशा वेळी ताडल्या जातात त्या दोन खोल्या.

कशातून किती फरक अपेक्षित धरायचा, हेही सांगून ठेवतो. सगळ्यात मोठा फरक स्पीकरचा आणि खोलीचा. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर, तेही तो ताकदीपलीकडे ताणला जात असेल किंवा त्याची रचनाच वेगळी असेल तर. बऱ्यापैकी बनवलेल्या दोन डॅकमधला फरक, आवाज समान केल्यावर, फार थोड्यांना ओळखता येतो. ठरावीक लांबीच्या आणि पुरेशा जाडीच्या स्पीकर वायरींत तर ओळखू आलेला मी पाहिलेला नाही. वेळ आणि पैसा याच क्रमाने घाला.

२. खोली आणि वेळ

आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी आणि भिंती उघड्या. टाळी वाजवून बघा, मागे झणझण ऐकू आली तर जाजम अंथरा आणि पडदे ओढून घ्या. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

खर्जाचं गणित वेगळं आहे. हॉल दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर रुंद असेल तर दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर तो फुगलेला ऐकू येतो, रुंदीच्या बरोबर मध्यावर बसलात तर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे सोफ्यावर दीड-दोन फूट सरकलात तरी "याचा बेस भारी" हे मत "याला बेसच नाही" असं पालटू शकतं. म्हणून खुर्चीचे चारही पाय चिकटपट्टीने फरशीवर आखून ठेवा आणि ऐकताना डोकं त्याच जागी ठेवा.

वेळ शांत हवी. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण घोडबंदर रोडच्या कडेला किंवा स्टेशनजवळ राहणाऱ्याला खरी परिस्थिती माहीत असते. रविवारी सकाळी सात ते नऊ ही आमची ठरलेली वेळ. पंखा, एसी बंद, फ्रिजची घरघर ऐकू येत असेल तर स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या. पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्यावर सर आली की तुलना थांबवायची. तानपुऱ्याच्या तारा विझत जातानाचा नाद त्या आवाजात पूर्ण बुडतो आणि फरक नेमका तिथेच असतो.

कानही ताजे हवेत. आदल्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ उभे असाल तर दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका. मोठ्या आवाजानंतर कानांची संवेदना काही काळ उतरलेली असते.

३. काय ऐकायचं

दुकानात जे लावतात ते नको. तिथे वाजणारं गाणं दणका दाखवायलाच निवडलेलं असतं. तुम्हाला पाठ असलेले चार-पाच तुकडे घ्या, प्रत्येक २० ते ३० सेकंदांचा. मी हे घेतो:

तानपुरा. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घडण) नीट लागलेली असेल तर एकेका तारेतून वरचे स्वर उलगडताना ऐकू येतात. ज्या स्पीकरचा वरचा भाग खरखरीत आहे त्यावर तेच स्वर पत्र्यासारखे वाजतात.

तबला. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) "ना" टोकदार हवा आणि लगेच मिटला पाहिजे. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा वर चढवतात, तेव्हा चढतानाची प्रत्येक जागा सारख्या जोराने ऐकू येते का ते बघा. मध्येच एखादी जागा फुगली तर ते खोलीचं किंवा स्पीकरच्या पेटीचं काम.

माणसाचा आवाज. यासाठी एक सोपा उपाय. घरातल्या कुणाला तरी कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर उभं करून वर्तमानपत्राचा एखादा परिच्छेद वाचायला सांगा आणि जवळून रेकॉर्ड करा. मग तो दोन्ही स्पीकरवर लावा. आईचा किंवा बायकोचा आवाज नाकातून येतोय की पिंपातून, हे ओळखायला कुणा तज्ज्ञाची गरज पडत नाही. स्पीकरच्या परीक्षेत एवढ्या उपयोगाचा तुकडा मला दुसरा सापडलेला नाही.

शिवाय टाळ-मृदंगाचं भजन किंवा ढोलकी, ज्यात एकदम बरंच काही वाजतं. गर्दीतून टाळ वेगळा निघतो का ते त्यात कळतं. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातल्या कार्यक्रमाचा आवाजही माइक आणि स्पीकरमधूनच आपल्यापर्यंत येतो. त्यामुळे खरा तबला कसा वाजतो याचा ठसा हवा असेल तर विनामाइकची घरगुती बैठक गाठा.

दोन्ही वेळा एकच फाइल वाजवा. त्याच गाण्याच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत आवाजाची पातळी पुष्कळदा वेगळी असते. अ‍ॅपमधलं आवाज आपोआप समान करणारं सेटिंग, इक्वलायझर, बेस बूस्ट, साउंडबारचे "सिनेमा", "म्युझिक" वगैरे मोड सगळं बंद करा. एक यंत्र ब्लूटूथवर आणि दुसरं वायरवर असा प्रकार नको.

४. आवाज समान करा

ही पायरी सोडायची असेल तर पुढची एकही करू नका.

दोन यंत्रांत एक डेसिबलहून कमी फरक असला तर "हे मोठं वाजतंय" असं आपल्याला जाणवत नाही. जाणवतं ते असं: "हे मोकळं वाटतं", "यात बारकावे जास्त आहेत", "गायक पुढे आल्यासारखा वाटतो". याला कारण आहे. हळू आवाजात आपला कान खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. आवाज थोडा वाढला की खर्ज भरतो, वरचं उजळतं आणि श्रेय मिळतं यंत्राला.

व्हॉल्यूमचा आकडा दोन्हीवर ३० ठेवला म्हणजे आवाज समान झाला, असं अजिबात नाही. प्रत्येक कंपनीचा ३० वेगळा.

अ‍ॅम्प्लिफायरसाठी: स्पीकर जोडलेला असताना २०० हर्ट्झचा टोन हळू लावा. मीटर एसीवर ठेवून त्याच्या दोन पिना अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या लाल-काळ्या टर्मिनलना लावा. पिना एकमेकींना टेकू देऊ नका. समजा पहिल्यावर २.०० व्होल्ट आले आणि दुसऱ्यावर २.२०, तर फरक सुमारे ०.८ डेसिबलचा. एवढा फरक तुलना उलटीपालटी करायला पुरतो. दुसऱ्याचा व्हॉल्यूम २.०२ च्या आत येईपर्यंत खाली आणा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलपेक्षा कमी होतो. डावा आणि उजवा दोन्ही मोजा. टोन मुद्दाम २०० हर्ट्झचा घेतलाय, कारण साधे मीटर सुमारे ४०० हर्ट्झच्या वर बरोबर मोजतीलच असं नाही. व्हॉल्यूमचं बटण एकेका पायरीने सरकणारं असेल आणि बरोबर जुळत नसेल तर फोनच्या किंवा लॅपटॉपच्या प्लेअरमधून बारीक जुळवा. जुळलं की बटणावर चिकटपट्टी लावून टाका.

स्पीकरसाठी मीटर चालत नाही, कारण तेवढ्याच व्होल्टला दोन स्पीकर वेगळे मोठे वाजतात. एकाची संवेदनक्षमता (तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो ते) ८६ डेसिबल आणि दुसऱ्याची ८९ असेल तर पहिल्याला तेवढाच आवाज द्यायला दुप्पट वॉट लागतात. दुकानात बटण दाबून एकावरून दुसऱ्यावर गेल्यावर जो "भारी" वाटतो, तो बहुतेक वेळा असा जास्त संवेदनक्षमतेचा स्पीकर. इथे पिंक नॉइज लावा, मोबाइल खुर्चीवर डोक्याच्या उंचीला स्टँडवर ठेवा, अ‍ॅपमध्ये सी वेटिंग (खर्जही धरून मोजणारं सेटिंग) आणि स्लो (आकडा संथपणे बदलणारं) निवडा, तुम्ही बाजूला व्हा आणि अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्या. अ‍ॅपचा आकडा खरा ७५ आहे की ७१ याची चिंता नको. फोन तोच आणि जागा तीच असेल तर फरक बऱ्यापैकी विश्वासाने मोजता येतो. अर्ध्या डेसिबलच्या आत आलं की पुरे.

५. जोडणी: इथे वस्तू जळतात

दोन अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट एकमेकांना कधीही जोडू नका, क्षणभरही नाही. एका जोडीच्या स्पीकरवर दोन अ‍ॅम्प्लिफायर आळीपाळीने लावायचे तर त्यासाठीच बनवलेला सिलेक्टर घ्या, जो लाल आणि काळी दोन्ही वायर तोडून मग दुसरीकडे जोडतो. साध्या स्पीकर सिलेक्टरमध्ये काळ्या वायरी आतून एकत्र असू शकतात आणि हल्लीच्या बऱ्याच छोट्या क्लास-डी (कमी तापणाऱ्या, वीज वाचवणाऱ्या रचनेच्या) अ‍ॅम्प्लिफायरना ते चालत नाही. सिलेक्टर नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून हाताने बनाना प्लग (वायरच्या टोकाची खुपसायची पिन) बदला. वेळ जास्त जातो, पण यंत्रं सुरक्षित राहतात.

लाल-काळं उलटं तर झालं नाही ना, तेही तपासा. एकाच स्पीकरला उलटं लागलं तर बेस गायब होतो आणि मधोमध यायला हवा तो गायकाचा आवाज खोलीभर पसरल्यासारखा येतो. चांगले स्पीकर या एका चुकीपायी नापास झालेले मी पाहिलेत.

६. डोळ्यांना बाजूला ठेवा

टूल आणि ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर तेच श्रोते घेऊन एकदा झाकून आणि एकदा दाखवून ऐकवले. दिसायला लागल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त सेटचे उतरले. ते श्रोतेही ध्वनीच्याच कंपनीत काम करणारे होते. तेव्हा "मला किंमत बघून फरक पडत नाही" असं कुणी म्हणालं तरी कापड लावाच.

स्पीकरसमोर दोरीवर साडी टांगा. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हवा सहज जात असेल तर आवाजही जाईल. जाड पडदा किंवा चादर नको, ती वरचे स्वर खाते.

दोन यंत्रांना "क" आणि "ख" म्हणा. कोण कोणता, हे फक्त मदतनीसाला माहीत. प्रत्येक फेरीत तो नाणं उडवेल, छापा आला तर क, काटा आला तर ख, आणि वहीत लिहून ठेवेल. तो तुमच्या मागे किंवा पडद्याआड उभा राहील, बोलणार नाही. चेहरा पुष्कळ काही सांगून जातो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: नाण्याने पुन्हा तेच यंत्र सांगितलं तरी मदतनीसाने प्लग काढून परत लावायचा. नाहीतर खटका ऐकू आला की बदललं आणि नाही आला की नाही बदललं, हे कानाला लगेच कळतं. एखाद्या यंत्रातून "सूं" येत असेल किंवा सुरू होताना टिक वाजत असेल, तर गाणं लागल्यानंतरच कान उघडा.

बदल जितका चटकन तितकं चांगलं. आवाजाचे बारकावे स्मरणात काही सेकंदच टिकतात. चहा पिऊन आल्यावर "मघाचा जरा गोड होता" म्हणण्याला काही आधार उरत नाही.

७. दोन प्रश्न, वेगवेगळे

पहिला प्रश्न: फरक ओळखता येतो का? फेऱ्या आधीच ठरवा, समजा १६. प्रत्येक वेळी आधी क, मग ख ऐका, मग नाण्याने निवडलेलं ऐका आणि ते कोणतं ते सांगा. नुसत्या अंदाजानेही सरासरी आठ बरोबर येतात. १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के, म्हणजे फरक ओळखू येतोय असं धरायला हरकत नाही. वेळ कमी असेल तर १० पैकी ९. दहात आठ हे मोहात पाडतं, पण ते पुरेसं नाही. मध्येच चांगला स्कोअर झाला म्हणून थांबायचं नाही. दमायला होतं, तेव्हा आठ फेऱ्यांनंतर विश्रांती घ्या.

दुसरा प्रश्न: आवडतं कोणतं? हा फरक सिद्ध झाल्यावरच विचारा. स्पीकरच्या बाबतीत पहिला प्रश्न सहसा लागतच नाही, फरक ढळढळीत असतो. तिथे सरळ पसंतीकडे जा: प्रत्येक तुकड्याला दहापैकी गुण, आणि घरात ऐकणाऱ्या सगळ्यांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचे. एकमेकांशी चर्चा नंतर. घरातल्या थोरल्यांनी आधी "हा बरा" म्हटलं की बाकीच्यांचे गुण तिकडेच झुकतात.

फरक ओळखता आला नाही तर निराश होऊ नका. तुमच्या खोलीत, तुमच्या गाण्यांवर ती दोन यंत्रं सारखी आहेत. मग स्वस्त घ्या, किंवा ज्याचा रिमोट सोयीचा, ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ, जे शेल्फवर नीट मावतं ते घ्या. ही कारणंही खरीच आहेत.

८. स्पीकरची जागा

दोन जोड्या शेजारीशेजारी ठेवल्या तर कोपऱ्याकडची जोडी जास्त बेस देते. त्यात स्पीकरचा गुण काही नाही. शक्य असेल तर एकेकच घ्या: क चा एक आणि ख चा एक, मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एकत्र करून). एका स्पीकरवर दोष जास्त उघडे पडतात, दोन मिळून वाजले की पसाऱ्यात ते लपतात. अर्ध्या फेऱ्या झाल्या की दोघांच्या जागांची अदलाबदल करा. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) दोन्हींचा कानाच्या उंचीला आणा. खाली स्टूल नाहीतर जाड पुस्तकांची चळत चालते, पण डुगडुगता कामा नये.

९. दुकानात ऐकावं लागलं तर

घरी आणून ऐकू देणारा विक्रेता मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी मी त्याच्याकडून घेईन. नाही मिळाला तर वीकएंड सोडून दुपारी जा, तेव्हा मॉलच्या दुकानातही गर्दी कमी असते. फोनमध्ये स्वतःचे तुकडे न्या, घरच्यांच्या आवाजाचा तुकडा विसरू नका. पिंक नॉइज लावून अ‍ॅपने पातळी जुळवून घ्या, थोडे लोक बघतील, बघू द्या. विक्रेत्याला नम्रपणे सांगा, "दादा, पाच मिनिटं काही सांगू नका, किंमतही नको." "आता बघा बेस कसा खुलतो" हे वाक्य कानावर पडलं की बेस खुलतोच. दुकानातला निकाल नापसंतीसाठी वापरा: जे तिथेच कर्कश किंवा पोकळ वाटलं ते यादीतून काढा. दोन उरतील त्यांचा निर्णय घरीच.

१०. बिल करताना

परत करण्याची मुदत किती दिवसांची आणि खोका उघडल्यावर लागू आहे का, हे तोंडी न ठेवता बिलावर लिहून घ्या. जीएसटीचं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि यंत्रामागच्या सिरीयल नंबरचा फोटो एकत्र ठेवा. खोका आणि आतलं थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका. "महिनाभर वाजवा, मग मोकळा होईल" असं कुणी सांगितलं तर ती परत करायची मुदत त्या महिन्याआधी संपते का ते आधी बघा. घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी वरची चाचणी उरकून घ्या. व्होल्टचे आकडे, खुर्चीचं भिंतीपासूनचं अंतर आणि सगळ्यांचे गुण असलेलं वहीचं ते पान फाडून बिलासोबत ठेवा. पुढे कधी दुसरा अ‍ॅम्प्लिफायर घरी आला तर याच आकड्यांवर ताडता येईल.